हिरवा काढलेलं आभाळ

उस्ताद,

गेल्या शुक्रवारी घर आवरताना माझ्या लेकीला बुटांच्या खोक्यात दोन फोटो सापडले. आम्ही आता इथेच आखातात, पण शहराच्या पार टोकाला, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहतो. तुम्ही होतात तेव्हा तिथे नुसती वाळू होती, आणि एवढ्या लांब कोण राहायला जातं, असं तुम्ही नक्की म्हणाला असतात. दोन्ही फोटो एकाच निगेटिव्हचे आहेत. तेच लाकडी घर, तोच छपरावरचा बर्फ, तीच मागची काळी टेकडी. एकात टेकडीवरून उठलेला प्रकाशाचा पट्टा हिरवागार आहे आणि खालचा बर्फही हिरवट. दुसऱ्यात तोच पट्टा करडा आहे, चुलीच्या धुरासारखा, आणि बर्फ पांढराशुभ्र. ती दोन हातांत दोन फोटो धरून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, व्हिच वन इज द रियल वन?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र इंग्रजीतच येतात. मी म्हणालो, "नंतर सांगतो." "यू ऑलवेज से नंतर," म्हणून ती गेली. तेव्हापासून मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतो आहे. शेवटी म्हटलं, कागदावरच बोलावं. दोन्ही फोटो तुमच्याच हातचे आहेत.

देऱ्यातलं ते फोटो छापायचं दुकान मला अजून वासासकट आठवतं. सोन्याच्या बाजाराकडून गलबतांच्या धक्क्याकडे उतरणारी गल्ली, खिडकीतला टपटपणारा एसी, आणि आत रोल धुण्याच्या रसायनांचा तो आंबट वास, जो शर्टातून तीन धुण्यांनीसुद्धा जात नसे. मी देवरुखकडे चार लग्नांचे फोटो काढलेले होते, म्हणून स्वतःला फोटोग्राफर समजत होतो. तुम्ही पहिल्याच दिवशी मला प्रिंटिंग मशीनसमोर बसवलंत आणि म्हणालात, "कॅमेरा विसर. आता फक्त कॉलर बघ." मला वाटलं, थट्टा करताय. तर ती तुमची सगळी विद्या होती. फोटोत पांढरं काय आहे ते आधी शोधायचं. शर्टाची कॉलर, अरबाचा कंदुरा, म्हणजे तो लांब पांढरा झगा, डोळ्यांतलं पांढरं, काहीच नसेल तर मागच्या भिंतीवरचा स्विचबोर्ड. ते पांढरं पांढरं झालं की बाकीचे रंग आपोआप आपापल्या जागेवर जाऊन बसतात. मशीनवर रंगांची बटणं होती, आणि तुमची बोटं त्यांच्यावरून पेटी वाजवणाऱ्यासारखी फिरत. प्रिंट बाहेर आला की तो दुकानातल्या दिव्याखाली बघायचा नाही, दारात जाऊन उन्हाच्या उजेडात बघायचा, हाही तुमचाच नियम. दिवसातून शंभर वेळा तुम्ही मशीनपासून दारापर्यंत जात होतात.

मला तिथे दोन महिने झाले असतील. शहराबाहेरच्या सोनापूर लेबर कॅम्पातल्या एका माणसाचा रोल मी छापला. तो साताऱ्याकडचा, बांधकामावर परांची बांधणारा. सगळे फोटो खोलीतले, ट्यूबलाइटखाली काढलेले: दुमजली पलंगांवर पाय सोडून बसलेले आठ जण, कुणाचा नवा शर्ट, कुणी घड्याळ दिसेल असा हात पुढे केलेला. ट्यूबलाइटखाली फिल्मवर सगळं हिरवट येतं, हे मला ठाऊक होतं. पण गर्दी होती, मी तसाच सोडला. तुम्ही पाकिटात भरता भरता एक प्रिंट काढलात, दारात गेलात आणि मला हाक मारलीत.

"हे काय आहे?"

"फोटो."

"फोटो नाही, ही बीमारी आहे. कुठं जाणार हा?"

"गावाला."

"गावाला कोण बघणार? याची आई. तिला ट्यूबलाइट काय करते ते ठाऊक आहे काय? ती म्हणणार, माझ्या पोराला काहीतरी झालंय आणि तो लपवतोय. तिचं जेवण उडणार. तुझ्या दोन बटणांच्या आळसापायी." मग तुम्ही छत्तीसच्या छत्तीस प्रिंट एकेक करून फाडलेत, न रागावता, भाजी निवडावी तसे. "मजेंटा चढव, हिरवा उतरेल. चल, फिर से."

मला त्या वेळी तुमचा भयंकर राग आला होता. संध्याकाळी तो माणूस आला, पहिलाच फोटो बघून म्हणाला, "आयला, हितं येऊन मी उजळलो की," आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. त्या दिवसापासून हिरवा म्हणजे रोग, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. तुमच्या डोक्यात तर ते वीस वर्षं बसलेलं होतं. किती हजार आयांची जेवणं तुम्ही वाचवलीत याचा हिशोब कुणी ठेवला नाही.

पुढे मालकाने तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला छोटं दुकान काढलं आणि मला तिकडे बसवलं. पासपोर्ट फोटो काढायचे, रोल गोळा करायचे, आणि दुकानाच्या गाडीतून ते तुमच्याकडे देऱ्याला पाठवायचे. मशीन एकच होतं आणि ते तुमच्याकडे. मी शुक्रवारची वाट बघत असे, कारण शुक्रवारी नमाजानंतर तुमच्या खोलीवर तुम्ही स्वतः रांधलेली सुरमई असायची, आमसूल घातलेली, रत्नागिरीच्या खाडीकाठची. जेवणाला कधीकधी तो नॉर्वेचा इंजिनिअरही यायचा. तो जहाज दुरुस्तीच्या कामावर होता, त्याला धक्क्यावरच्या गलबतांचे फोटो काढायचं वेड होतं, आणि तो तुमच्याशिवाय कुणाला रोल देत नसे. तुमच्याकडे लाकूड लाकडासारखं येतं, असं तो म्हणायचा. एका शुक्रवारी त्याने हाताने भात खाता खाता त्याच्या गावच्या आभाळाची गोष्ट सांगितली. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही, आणि अंधारात आभाळभर प्रकाश हलतो. तुम्ही विचारलंत, "बिजली?" तो म्हणाला, "नाही, हळू. पडद्यासारखा." तुम्ही मला मराठीत म्हणालात, "काम करून करून डोकं गरम झालंय बिचाऱ्याचं." मी मात्र त्या रात्री झोपलो नाही.

दर दोन वर्षांनी मिळणारी माझी सुट्टी त्या हिवाळ्यात होती. तिच्यातले दहा दिवस मी गावाऐवजी इंजिनिअरबरोबर त्याच्या गावाला दिले. आई फोनवर म्हणाली, "तिकडे कोण आहे रे तुझं?" तुम्ही हसलात, दुकानभर सांगत सुटलात की हबीबी बर्फाचे पासपोर्ट फोटो काढायला चाललाय. आणि निघायच्या आदल्या दिवशी तुमचा स्वतःचा कॅमेरा काढून माझ्या हातात दिलात, तो जड, काळा, कोपऱ्यांवर पितळ उघडं पडलेला. "यात सेल नाही, मीटर नाही, काही नाही. बंद पडायला यात काही नाहीच," तुम्ही म्हणालात. "आपल्याकडे सेल उन्हाने मरतात, तिकडे थंडीने मरणार. आणि ऐक. ऑगस्टमध्ये एसीतून बाहेर पडताना कॅमेरा पिशवीत घालतोस ना, काचेवर पाणी येतं म्हणून? तिकडे उलटं कर. बाहेरून घरात शिरताना घाल." तुम्ही जन्मात बर्फ पाहिला नव्हतात. देऱ्याच्या दमट ऑगस्टवरून तुम्ही ध्रुवाची थंडी ताडलीत, आणि ती शब्दशः खरी निघाली. इंजिनिअरचा महागडा कॅमेरा तिथे तिसऱ्याच दिवशी मान टाकून बसला. तुमचा चालू राहिला.

ते गाव नकाशाच्या अगदी वरच्या काठाला होतं, समुद्रावर, मासे वाळत घातलेलं. सुक्या मासळीचा वास आल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. दुपारी तीनला काळोख पडायचा. चार दिवस नुसते ढग होते. पाचव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजले असतील त्या वेळी, त्याने मला बाहेर ओढलं. टेकडीमागून एक पट्टा उठला होता. मला आधी ढगच वाटला. मग तो हलला. वारा अजिबात नव्हता आणि तो हलत होता. त्याचं एक टोक उंच गेलं, मधे घडी पडली, आणि ती घडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकत गेली, जणू कुणीतरी पलीकडून बोट फिरवत चाललं आहे. आवाज मात्र काहीच नाही. आपल्याकडे साधं दार उघडलं तरी कुरकुरतं, आणि इथे अख्खं आभाळ सरकत होतं आणि माझ्या कानात फक्त माझा श्वास. मला भीती वाटली, उस्ताद. मोठ्या देवळात एकट्याने उभं राहिल्यावर वाटते तशी. मी हातमोजे घातलेले हात जोडले, कुणाला ते ठाऊक नाही. मग कॅमेरा लावला, शटर उघडं ठेवून तीस आकडे मोजले, मराठीत, मोठ्याने. असे चार रोल काढले. रंगाचं मी अजून काही लिहिलेलं नाही, ते पुढे सांगतो.

परत आलो त्या सकाळी विमानतळावरून थेट तुमच्याकडे आलो, रोल तुमच्या हातात दिले आणि उम्म अल कुवैनची गाडी पकडली. फिल्मवर हिरवा येतो असं इंजिनिअरने मला सांगितलेलं होतं. मी तुम्हाला ते सांगितलं नाही, मुद्दाम. तुम्ही प्रिंट घेऊन दारात जावं आणि चकित व्हावं, असं मला वाटत होतं. शुक्रवारी आलो तेव्हा दुकानात चारपाच गिऱ्हाइकं होती, इंजिनिअरही येऊन थांबला होता. तुम्ही पाकिटं माझ्यापुढे ठेवलीत, दमलेल्या आणि खूश चेहऱ्याने.

"अख्खा दिवस खाल्ला तुझ्या चार रोलनी. हिरवा जाता जात नव्हता. कसल्या दिव्याखाली काढलेस? पण बर्फ बघ. कसा आणलाय बर्फ."

मी पाकीट उघडलं. बर्फ खरोखरच पांढरा होता, नुकत्या धुतलेल्या कंदुऱ्यासारखा. आणि वर टेकडीवर करडा धूर. आभाळाला किंचित जांभळट छटा राहिली होती, तेवढी तुम्हालाही काढता आली नव्हती. तुम्ही तुमचं काम केलं होतं. फोटोत पांढरं काय आहे ते शोधलं होतं, आणि रोग काढून टाकला होता. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. माझ्या मात्र डोक्यात रक्त चढलं. दहा दिवसांची सुट्टी, आईचा रुसवा, चार दिवसांचे ढग, सगळं मला त्या धुरात गेलेलं दिसलं, आणि शेजारी इंजिनिअर उभा होता, त्याच्यासमोर मला फोटोग्राफर दिसायचं होतं. मी म्हणालो, "उस्ताद, तुम्ही आभाळ पुसून टाकलंत. हिरवाच होता तो. डोळे तपासून घ्या एकदा."

तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही एक प्रिंट उचललात, दारात गेलात, उजेडात धरलात आणि तिथूनच विचारलंत, "तू बघितलास? तुझ्या डोळ्यांनी? हिरवा?"

मी म्हणालो, "हो."

"खलास. मग चूक माझी," तुम्ही म्हणालात आणि मशीनवर जाऊन बसलात. बटणं सगळी शून्यावर आणलीत. पहिला प्रिंट बाहेर येऊ लागला तसा हिरवा वरच्या कडेपासून उतरत खाली आला, आणि तुमचा हात थांबला. तो प्रिंट घेऊन तुम्ही दारात किती वेळ उभे होतात ते मी मोजलं नाही, पण धक्क्यावरून माल लादलेल्या तीन हातगाड्या गेल्या आणि तुम्ही रस्ता अडवून उभे म्हणून हमाल "यल्ला, यल्ला" ओरडले, तरी तुम्ही हलला नाहीत. मग तुम्ही हळूच म्हणालात, "सुबहानल्लाह. हा त्याचा रंग आहे, आणि मी त्याला ट्यूबलाइट समजलो." तुमचे डोळे भरले होते. मी तेव्हा मनात म्हणालो, बघा, मी चकित केलंच ना. इतका मी तेव्हा मूर्ख होतो. करडे प्रिंट मी तुमच्यासमोर कचऱ्याच्या डब्यात टाकले.

पुढच्या आठवड्यात तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलात. मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात सगळ्यांनाच असते, इतक्यात काही करायला नको, असं तो म्हणाला. पण तुमचं ठरलं होतं. तुम्ही मशीन दुकानातल्या एका केरळच्या मुलाच्या हवाली केलंत आणि काउंटरवर बसून पाकिटांवर नावं लिहू लागलात. कुणी विचारलं तर सांगायचात, "नजर गयी, भाई. रंग का भरोसा नहीं रहा." मालकाने समजावलं, मीही दोनदा म्हटलं की एवढं काही नाही. तुम्ही म्हणालात, "आईला खोटा फोटो गेला तर?" सहा महिन्यांत तुम्ही व्हिसा रद्द करून घेतलात. विमानतळावर दोरीने बांधलेलं तुमचं खोकं मी ढकलत होतो, तर तुम्ही म्हणालात, "पुन्हा गेलास तिकडे तर नीट बघून ये. अजून काय काय रंग असतात ते मला सांग, मला दिसायचे नाहीत म्हटलं तरी ऐकायला तर कान आहेत." मी इन्शाल्ला म्हणालो. दोन पावसाळ्यांनी दुकानात फोन आला की तुम्ही गेलात. मी पत्र लिहायला घेतलं होतं, ते तसंच राहिलं होतं.

मी त्यानंतर तीनदा गेलो. एकदा आठही दिवस ढग मिळाले आणि मी वाळत घातलेल्या मासळीचे फोटो काढून परत आलो. पण तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या हिवाळ्यात जे पाहिलं, ते तुम्हाला सांगायचं राहिलं आहे. संध्याकाळी सहाची वेळ. पट्टा नेहमीसारखा टेकडीवर उठला, फिकट. आणि मग कुणीतरी आतून दिवा मोठा करावा तसा तो पेटला. उस्ताद, तो हिरवा होता. माझ्या डोळ्यांना हिरवा, कोवळ्या भाताच्या रोपांचा हिरवा. तो माथ्यावर आला आणि फुटला, सगळीकडून खाली कोसळू लागला, खालच्या कडेला गुलाबी, आणि ती गुलाबी कड इतक्या वेगाने पळत होती की मला मान फिरवता येईना. इंजिनिअरची पांढरी दाढी हिरवी झाली. बर्फ हिरवा झाला, दूरवर, समुद्रापर्यंत. आणि मी काय केलं सांगू? इतक्या वर्षांची सवय. मी खिशातून पांढरा रुमाल काढला आणि बर्फावर पसरला. पांढरं काय आहे ते आधी शोध. रुमाल हिरवा होता. तिथे पांढरं असं काही उरलंच नव्हतं. मी त्या रुमालाशेजारी गुडघ्यांवर बसलो आणि हसलो आणि रडलो, दोन्ही, आणि पापण्यांवर पाणी गोठलं. एवढं मोठं मी आयुष्यात काही पाहिलं नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. कॅमेरा तिपाईवर तसाच होता. त्या संध्याकाळचा एकही फोटो माझ्याकडे नाही.

तिथे बसल्या बसल्याच मला पहिली संध्याकाळ आठवली. तेव्हा मी रुमाल पसरला असता, तर तो कोणत्या रंगाचा दिसला असता, ते मला ठाऊक होतं. तेव्हाही ठाऊक होतं.

काल लेकीने परत विचारलं. मी खोकं खाली काढलं आणि तिला समजावलं की प्रकाश मंद असला तर माणसाच्या डोळ्याला त्यात रंग दिसत नाही, फक्त करडं दिसतं. फिल्म तीस आकडे थांबते म्हणून तिला हिरवा दिसतो. तिने विचारलं, "सो व्हॉट डिड यू सी?" मी करड्या फोटोवर बोट ठेवलं. तो मी फेकला त्याच दिवशी, तुम्ही नमाजाला गेल्यावर, कचऱ्यातून परत काढला होता. "दॅट्स सो कूल," ती म्हणाली. "हू प्रिंटेड इट?" तुमच्याबद्दल मी तिला पुष्कळ सांगितलं, कॉलर सांगितली, सुरमई सांगितली, हमालांनी ओरडूनही तुम्ही हलला नाहीत ते सांगितलं. तुम्ही मशीन का सोडलंत, ते तिने विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, वय झालं होतं.

हा कागद त्याच खोक्यात, त्या दोन फोटोंच्या मधे ठेवतो आहे. त्या दिवशी दारात उभं राहून तुम्ही मला एकच गोष्ट विचारली होती, आणि मी हो म्हणालो. मला हिरवा दिसला नव्हता. तुम्ही छापलंत तसंच, अगदी तसंच दिसलं होतं, करडा धूर आणि पांढरा बर्फ. उस्ताद, तुमचे डोळे चांगले होते.